हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर (मूळ नाव : चंपाकली, जन्म : मिरज, ३० मे १९०५, मृत्यू : पुणे, २० नोव्हेंबर १९८९) या हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याच्या ख्यालगायिका आणि मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-अभिनेत्री होत्या. किराणा घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या त्या कन्या. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भजन आणि भावगीत असे अनेक गानप्रकार त्यांनी गायिले. स्त्रीने सार्वजनिक सभागृहात तिकीट लावून शास्त्रीय संगीताची मैफल करावी, ही गोष्ट महाराष्ट्रात रूढ करणाऱ्या गायिकांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. स्त्रीभूमिका पुरुष नट करीत असत त्या काळात त्यांनी आपल्या भावंडांसह नाटक मंडळी चालवली आणि नायिकेच्या भूमिका स्वतः केल्या. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६५) आणि पद्मभूषण (१९७०) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत. रसिकांनी त्यांना ‘गानहिरा’ असे संबोधले.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात गाणे हा प्रतिष्ठित घरातील स्त्रीचा व्यवसाय मानला जात नव्हता. व्यवसाय म्हणून गाणाऱ्या स्त्रिया बहुतेक नायकीण, कलावंतीण किंवा देवदासी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजांतून येत. संस्थानिक, सरदार आणि धनिक यांच्या खासगी बैठकी हे त्यांच्या गाण्याचे मुख्य ठिकाण होते. त्यांच्या विद्येचे कौतुक होई, परंतु त्यांना सामाजिक मान मिळत नसे. पांढरपेशा कुटुंबातील मुलींना शास्त्रोक्त गाणे शिकवणे हेच मुळी अपवादात्मक होते.

रंगभूमीची स्थिती याहून वेगळी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’ या नाटकाने १८८० मध्ये पुण्यात मराठी संगीत नाटकाची परंपरा सुरू झाली. त्यानंतर १८८२ मध्ये त्यांचे ‘सौभद्र’ रंगमंचावर आले. या नाटकांतील शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी इत्यादी भूमिका पुरुष नट करीत. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी स्त्रीभूमिकेला जी उंची दिली, तिच्यामुळे ही प्रथा प्रेक्षकांच्या मनात अधिकच पक्की झाली. केवळ स्त्रियांच्या काही नाटक मंडळ्या त्या काळी होत्या, परंतु त्यांना पुरुषांच्या नामांकित मंडळ्यांइतकी प्रतिष्ठा लाभली नाही. स्त्री-पुरुषांनी एकाच रंगमंचावर एकत्र भूमिका करणे तर दूरच होते.

कुटुंब

हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे मूळचे उत्तर भारतातील किराणा (कैराना) या गावचे. तरुण वयात ते बडोदा संस्थानात दरबारी गायक म्हणून राहिले. तेथेच त्यांची ताराबाईंशी ओळख झाली. ताराबाई या बडोद्यातील सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या असून त्या खाँसाहेबांकडे गाणे शिकत होत्या. दोघांनी बडोदे सोडले आणि पुढे मिरज, पुणे व मुंबई या भागांत त्यांचे वास्तव्य राहिले. खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या श्रुतिविषयक संशोधनालाही त्यांनी साहाय्य केले. सूक्ष्म स्वरस्थानांविषयीची ही आस्था किराणा गायकीच्या मुळाशी आहे.

ताराबाई आणि खाँसाहेब यांना पाच अपत्ये झाली : अब्दुल रहमान, कृष्णराव, चंपाकली, गुलाब आणि सकीना. पुढे उभयतांत मतभेद होऊन ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांचे सर्व पालकत्व स्वतःकडे घेतले. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने (१९०२–१९५३), चंपाकली हिराबाई, गुलाब कमलाबाई बडोदेकर आणि सकीना सरस्वतीबाई (विवाहानंतर सरस्वतीबाई राणे, १९१३–२००६) या नावांनी ओळखले जाऊ लागले. ‘बडोदेकर’ हे आडनाव ताराबाईंच्या बडोद्याशी असलेल्या संबंधावरून आले. मुलांपैकी एकाही नावात वडिलांचे नाव उरले नाही, परंतु त्यांच्या गाण्यात वडिलांचे घराणे कायम राहिले.

पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीने पाच मुलांचा सांभाळ करणे त्या काळी सोपे नव्हते. कुटुंबाची उपजीविका आणि मुलांचे भवितव्य या दोन्ही गोष्टी संगीतावर अवलंबून होत्या. मात्र मुलींनी गायचे तर ते प्रतिष्ठेने गावे, हा ताराबाईंचा आग्रह हिराबाईंच्या पुढील वाटचालीत निर्णायक ठरला.

संगीतशिक्षण

लहानपणी हिराबाईंच्या कानांवर वडिलांचे आणि त्यांच्या शिष्यांचे गाणे सतत पडत असे, पण वडिलांकडून त्यांना पद्धतशीर तालीम फारशी मिळाली नाही. त्यांचे आरंभीचे शिक्षण मोठे बंधू सुरेशबाबू यांच्याकडे झाले. सुरेशबाबू हे स्वतः उत्तम गायक आणि कसलेले शिक्षक होते. पुढे वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले.

हिराबाईंच्या गायकीला घाट दिला तो उस्ताद अब्दुल वहीद खाँ (मृत्यू : १९४९) यांनी. हे अब्दुल करीम खाँ यांचे आप्त आणि किराणा घराण्याचे दुसरे आधारस्तंभ. त्यांना कमी ऐकू येत असल्याने ते ‘बहरे वहीद खाँ’ म्हणूनही ओळखले जात. अतिविलंबित लयीत रागाची एकेका स्वराने बढत करणे आणि मेरुखंड पद्धतीने स्वरांचे क्रम बदलून नव्या आकृती निर्माण करणे, हे त्यांच्या विद्येचे विशेष. पुढे उस्ताद अमीर खाँ यांच्या विलंबित गायकीवरही याच विद्येचा प्रभाव पडला. वहीद खाँ यांनी हिराबाईंना काही वर्षे कठोर शिस्तीत तालीम दिली. या तालमीत दिवसचे दिवस एकाच रागाचा अभ्यास होत असे. वडिलांच्या गायकीतील भावपूर्ण स्वरलगाव आणि वहीद खाँ यांची शिस्तबद्ध बढत या दोन्हींचा मेळ हिराबाईंच्या गाण्यात दिसतो.

मैफलींचा आरंभ

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, १९२१ मध्ये, हिराबाई मुंबईत गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत गायिल्या. हे त्यांचे पहिले महत्त्वाचे सार्वजनिक गायन होय. गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी संगीताला दरबार आणि खासगी बैठक यांतून बाहेर काढून सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेण्याचे कार्य हाती घेतले होते. अशा संस्थेच्या व्यासपीठावर तरुण मुलीने ख्याल गाणे ही त्या काळातील लक्षणीय घटना होती.

यानंतर हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली करण्यास प्रारंभ केला. आज सहज वाटणारी ही गोष्ट तेव्हा तशी नव्हती. खासगी बैठकीत यजमान गायिकेला बिदागी देई, कोणाला बोलवायचे ते तोच ठरवी आणि गाणेही त्याच्या फर्माइशीप्रमाणे चाले. तिकिटाच्या मैफलीत ठरलेले पैसे भरणारा कोणीही श्रोता येऊन बसू शकत असे. त्यामुळे गायिका एका यजमानाची बांधील राहिली नाही. मैफलीची वेळ, जागा आणि शिस्त आधी ठरलेली असल्यामुळे कुटुंबातील स्त्रियांनाही गाणे ऐकण्यास येणे शक्य झाले. शास्त्रीय संगीताला मध्यमवर्गीय स्त्री-श्रोत्यांचा वर्ग मिळण्यास ही पद्धत पुष्कळ अंशी कारणीभूत झाली.

व्यासपीठावरील वावराविषयीही हिराबाई अत्यंत दक्ष असत. साधी साडी, अंगभर पदर, तंबोऱ्यांच्या मधोमध स्थिर बैठक आणि हातवारे किंवा मुखविकार यांचा अभाव, ही त्यांची रीत. बैठकीच्या गाण्यातील ‘अदा’ त्यांनी जाणीवपूर्वक टाळली. श्रोत्याचे लक्ष गाणारीकडे न जाता गाण्याकडे जावे, असा या संयमाचा परिणाम होई. पुढील पिढीतील अनेक गायिकांनी हीच रीत स्वीकारली.

रंगभूमी

मैफली चालू असतानाच ताराबाई आणि त्यांच्या मुलांनी नूतन संगीत विद्यालय ही संस्था उभी केली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस या विद्यालयाची नाट्यशाखा सुरू झाली. बहीण-भाऊ हेच तिचे प्रमुख कलावंत होते. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी आणि पुरुषांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या, हे तिचे वैशिष्ट्य होते.

या संस्थेने अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘सौभद्र’, राम गणेश गडकरी यांचे ‘पुण्यप्रभाव’, तसेच ‘युगांतर’, ‘साध्वी मीराबाई’ आणि ‘जागती ज्योत’ ही नाटके रंगमंचावर आणली. ‘सौभद्र’ मधील सुभद्रा ही हिराबाईंची महत्त्वाची भूमिका. बंधू बलराम यांनी दुर्योधनाशी ठरवलेला विवाह मनाविरुद्ध असलेली आणि अर्जुनाची वाट पाहणारी ही नायिका तोपर्यंत प्रेक्षकांनी पुरुष नटांच्याच रूपात पाहिली होती. पुरुष नटाने रंगवलेल्या ‘आदर्श’ स्त्रीशी आपली तुलना होणार, हे हिराबाईंना ठाऊक होते. त्यांनी अभिनयात नखरा वाढवण्याऐवजी भूमिका शालीन ठेवली आणि पदांच्या गायनावर भर दिला.

संगीत नाटकातील पद गाणे हे मैफलीतील गाण्याहून वेगळ्या स्वरूपाचे काम आहे. भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे, रामकृष्णबुवा वझे इत्यादींनी ख्याल-ठुमरीच्या चालींवर पदे बांधल्यामुळे मराठी नाट्यसंगीत रागदारीच्या निकट आले होते. तथापि, पदातील शब्द प्रेक्षागृहाच्या अखेरच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचणे, प्रसंगाचा भाव न सुटणे आणि ‘वन्स मोअर’ मिळाल्यास तेच पद नव्या विस्ताराने पुन्हा गाणे, या सर्वांसाठी वेगळ्या तयारीची गरज असे. ‘वन्स मोअर’ च्या प्रथेमुळे नाटके रात्रभर चालत. या अनुभवामुळे हिराबाईंच्या शब्दोच्चारात जो नेमकेपणा आला, तो त्यांच्या भजनांत आणि भावगीतांतही आढळतो.

नाट्यशाखेचा शेवट

हा प्रयोग फार काळ टिकला नाही. नाटक मंडळीचा खर्च मोठा असे : नट, वादक, पडदे, पोशाख, गावोगावचे मुक्काम आणि रेल्वेप्रवास. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले. अल्प दरात गाणी आणि नायिका दोन्ही पडद्यावर मिळू लागल्याने संगीत नाटकाचा प्रेक्षक झपाट्याने घटला. याच काळात जागतिक आर्थिक मंदीचे परिणामही जाणवत होते. नामांकित नाटक मंडळ्याही या काळात अडचणीत आल्या. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा कर्जात बुडाली आणि बंद पडली.

हे कर्ज फेडण्याची जबाबदारी प्रामुख्याने हिराबाईंनी उचलली. त्यासाठी त्यांनी गावोगाव मैफली केल्या आणि गाण्याच्या मिळकतीतून देणी चुकती केली. रंगभूमीवरील अपयशामुळे त्या पूर्णतः मैफलीकडे वळल्या आणि देशभर त्यांचे नाव झाले ते त्यानंतरच. असे असले तरी नाट्यशाखेचा प्रयोग निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले आणि ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या गायक-अभिनेत्री रंगभूमीवर आल्या. स्त्रीभूमिका स्त्रीनेच करण्याची प्रथा पुढे सर्वमान्य झाली. तिची पायवाट पाडणाऱ्यांत माने-बडोदेकर भावंडांचा वाटा आहे.

गायकी

हिराबाईंचा आवाज बारीक, गोड आणि उंच पट्टीत सहज फिरणारा होता. आवाज मोठा नसल्यामुळे जोरकस तानांऐवजी स्वराच्या शुद्धतेवर आणि सलगतेवर त्यांचा भर असे. किराणा घराण्यात स्वराला प्रथम स्थान आहे. स्वर नेमक्या जागी लावणे, त्यावर स्थिरावणे आणि शेजारच्या स्वराकडे हळुवार मींडेने जाणे, ही या गायकीची लक्षणे हिराबाईंच्या गाण्यात स्पष्ट दिसतात. जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार तान किंवा आग्रा घराण्याची लयकारी यांच्या तुलनेत त्यांचे गाणे साधे वाटते. हा साधेपणा मात्र दीर्घ रियाजाने आलेला होता.

यमन, मुलतानी, भीमपलास, पटदीप, बागेश्री, दुर्गा, चंद्रकंस, तोडी आणि भैरवी हे राग त्या विशेष रंगवून गात. अनवट रागांपेक्षा प्रचलित राग खोलवर मांडण्याकडे त्यांचा कल होता. मैफलीत विलंबित व द्रुत ख्यालानंतर ठुमरी, नाट्यपद, भजन असा क्रम असे. प्रत्येक प्रकाराचा बाज त्या सांभाळीत. त्यामुळे शास्त्राचा जाणकार आणि सामान्य श्रोता हे दोघेही त्यांच्या मैफलीत समाधान पावत. स्त्रीच्या आवाजाला किराणा गायकी कशी शोभते, याचा एक आदर्श त्यांच्या गाण्याने घालून दिला. गंगूबाई हनगल आणि रोशनआरा बेगम या समकालीन गायिकांनी याच घराण्यात निराळ्या वाटा चोखाळल्या. हनगल यांच्या गाण्यात भारदस्तपणा आणि रोशनआरा यांच्या गाण्यात तानेची तयारी ठळक होती, तर हिराबाईंच्या गाण्यात शांत माधुर्य होते.

ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि चित्रपट

हिराबाईंच्या कीर्तीचा मोठा भाग ध्वनिमुद्रिकांमुळे पसरला. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्या अवधीत मांडावा लागे. स्थायी, अंतरा, थोडे आलाप आणि मोजक्या ताना यांची काटेकोर आखणी करून हिराबाईंनी अशा अनेक ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यांत रागदारीच्या बंदिशी, नाट्यपदे, भजने आणि मराठी भावगीते यांचा समावेश आहे. ज्यांना मैफलीला जाणे शक्य नव्हते, अशा लहान गावांतील श्रोत्यांनी, विशेषतः घरातील स्त्रियांनी, हिराबाईंचे गाणे प्रथम फोनोवर ऐकले. पुढे आकाशवाणीच्या विविध केंद्रांवरूनही त्यांचे गायन नियमितपणे प्रसारित होई.

बोलपटांच्या आरंभकाळात त्यांनी चित्रपटांतही काम केले. बाबूराव पेंटर दिग्दर्शित ‘प्रतिभा’ (१९३७) हा त्यांपैकी एक होय. तथापि, चित्रपट हे त्यांचे मुख्य क्षेत्र कधीच नव्हते. कनिष्ठ भगिनी सरस्वतीबाई यांनी मात्र पार्श्वगायिका म्हणून लौकिक मिळवला. ‘रामराज्य’ (१९४३) या हिंदी चित्रपटातील त्यांचे गीत अत्यंत लोकप्रिय झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात हिराबाईंनी परदेशांतही गायन केले. १९५३ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता.

जुगलबंदी

सरस्वतीबाईंसह केलेले सहगायन हा हिराबाईंच्या उत्तरायुष्यातील महत्त्वाचा टप्पा. ख्यालगायनातील जुगलबंदी तोवर मुख्यतः पुरुष गायकांच्या जोड्यांपुरती मर्यादित होती. दोन स्त्रियांनी व्यासपीठावर बसून ख्यालाची जुगलबंदी करण्याची प्रथा या भगिनींनी रुजवली. दोघींची तालीम एकाच घरातील आणि स्वभावधर्म परस्परपूरक. त्यामुळे एकीने सोडलेला स्वर दुसरी अलगद उचलून पुढे नेई. त्यात चढाओढीचा सूर नसे. त्यांच्या जुगलबंदीच्या दीर्घ अवधीच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.

युरोपीय ऑपेराशी तुलना

मराठी संगीत नाटकाची तुलना अनेकदा इटलीतील ऑपेराशी केली जाते. दोन्हींत नाट्य आणि संगीत एकत्र येतात आणि दोन्हींत नायिकेचा उंच पट्टीतील आवाज आकर्षणाचे केंद्र असतो. ऑपेरात या सर्वांत उंच स्त्री-आवाजाला ‘सोप्रानो’ आणि प्रमुख गायिकेला ‘प्रिमा डोना’ म्हणतात.

सामाजिक इतिहासातही एक साम्य आढळते. सतराव्या व अठराव्या शतकांत पोपच्या राज्यातील रंगमंचावर स्त्रियांना बंदी होती. तेथे स्त्रीभूमिका ‘कास्त्रातो’ म्हणून ओळखले जाणारे पुरुष गायक करीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही बंदी उठली आणि एकोणिसाव्या शतकात सोप्रानो गायिका ऑपेराची अधिनायिका बनली. १८३१ मध्ये मिलान येथील ‘ला स्काला’ या नाट्यगृहात बेल्लीनी यांच्या ‘नॉर्मा’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात शीर्षक भूमिका करणारी ज्युदित्ता पास्ता ही अशीच एक विख्यात गायिका. मराठी रंगभूमीवर असा बदल सुमारे शंभर वर्षांनी, हिराबाईंच्या पिढीत घडला. तो कोणत्याही कायद्याने घडला नाही. स्वतः रंगमंचावर उभ्या राहिलेल्या स्त्रियांमुळे तो घडला.

कलेच्या दृष्टीने मात्र दोन्हींत मूलभूत भेद आहे. ऑपेरात रचनाकाराने लिहिलेला स्वर तसाच गावा लागतो आणि वाद्यवृंदाच्या वर आवाज पोहोचवण्यासाठी कंठाची विशिष्ट घडण करावी लागते. संगीत नाटकात पदाची चाल ठरलेली असली तरी विस्तार गायकाचा असतो, पट्टी गायकाच्या सोयीची असते आणि साथीला ऑर्गन किंवा हार्मोनियम, सारंगी व तबला एवढीच वाद्ये असतात. हिराबाईंसारखा नाजूक आवाज येथे नायिकेचा आवाज होऊ शकला, याचे एक कारण या परंपरेच्या घडणीतच आहे.

शिष्यपरंपरा

हिराबाईंच्या पहिल्या शिष्या म्हणजे त्यांच्या भगिनी सरस्वतीबाई राणे. माणिक वर्मा (१९२६–१९९६) आणि प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांनी सुरेशबाबूंबरोबरच हिराबाईंकडूनही विद्या घेतली. १९५३ मध्ये सुरेशबाबूंचे निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांना हिराबाईंचा मोठा आधार मिळाला. प्रभा अत्रे यांनी तरुणपणी हिराबाईंच्या मैफलींत त्यांना स्वरसाथ केली. मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याला रागाची मांडणी, श्रोत्यांचा अंदाज आणि मैफलीचा क्रम हे प्रत्यक्ष पाहून शिकता येते. किराणा घराण्याची ही शिक्षणपद्धती हिराबाईंनी जपली.

माणिक वर्मा यांनी ख्यालाबरोबर नाट्यगीत व भावगीत या प्रांतांत, तर प्रभा अत्रे यांनी ख्याल, ठुमरी, रचना आणि संगीतविषयक लेखन या क्षेत्रांत नाव मिळवले. या दोघीही मध्यमवर्गीय कुटुंबांतून आल्या होत्या. गाणे हा व्यवसाय म्हणून स्वीकारताना हिराबाईंच्या पिढीला जो सामाजिक संकोच सोसावा लागला, तो त्यांच्या वाट्याला त्या प्रमाणात आला नाही.

सन्मान

हिंदुस्तानी कंठसंगीतातील कार्याबद्दल हिराबाईंना १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

महत्त्व

हिराबाईंच्या कार्याचे मूल्यमापन दोन अंगांनी केले जाते. पहिले अंग सांगीतिक आहे. अब्दुल करीम खाँ आणि अब्दुल वहीद खाँ या दोन प्रवाहांचा समन्वय त्यांनी साधला आणि किराणा गायकी महाराष्ट्रात घरोघर नेली. दुसरे अंग सामाजिक आहे. गाणाऱ्या स्त्रीला ‘कलाकार’ म्हणून मान मिळवून देण्यात त्यांच्या मैफलींचा वाटा मोठा आहे. या प्रतिष्ठेची दुसरी बाजूही अभ्यासकांनी दाखवली आहे. मध्यमवर्गाने मान दिला तो त्याच्या शालीनतेच्या कल्पनेत बसणाऱ्या गायिकांना. ज्या कलावंत स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या सांभाळली होती, त्यांपैकी अनेकींना हा मान मिळाला नाही आणि त्यांची अदाकारीची परंपरा मागे पडली.

हिराबाई स्वतः या दोन जगांच्या सीमेवर उभ्या होत्या. मुसलमान उस्ताद पिता आणि मराठी सरदारकन्या माता यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे घर त्यांना लहानपणीच दुरावले, परंतु वडिलांची गायकी त्यांनी आयुष्यभर सांभाळली आणि पुढील पिढीच्या हाती सोपवली. अब्दुल करीम खाँ यांचे दफन मिरजेत झाले. तेथील दर्ग्यात त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी संगीतसभा होते. हिराबाईंचे जन्मगाव असलेली मिरज तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणूनही प्रसिद्ध आहे.